चौकाला नाव, टॉकीजला कुलूप

अमरावतीत रिक्षावाल्याला नुसते 'राजकमल' म्हणा, तो तुम्हाला चौकात आणून सोडेल. 'चित्रा' म्हणा, 'सरोज' म्हणा, 'प्रभात' म्हणा, दरवेळी चौकच. अकोल्यात अजून 'माणेक टॉकीजजवळ', 'वसंत टॉकीजसमोर' असे पत्ते सांगतात. टॉकीजांनी शहराला पत्ते दिले आणि शहराने त्यांची आठवण पत्त्यापुरतीच ठेवली. माझ्या वर्गातल्या एका मुलीने मागे विचारले, "टीचर, ये चित्रा कौन थी?" नाव जपायला पैसे पडत नाहीत, म्हणून नाव तेवढे जपले गेले.

एकपडदा टॉकीज गेल्याचे दुःख मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात पिटातल्या शिट्ट्या असतात, पडद्यावर उधळलेली चिल्लर असते, मध्यंतरातला समोसा असतो. लेखकाचे डोळे पाणावतात आणि लेख संपतो. माझा झगडा या पाणावलेल्या डोळ्यांशी आहे. त्याहून अधिक तो आपल्या मोहल्ल्यातून निघालेल्या समाधानाच्या सुस्काऱ्याशी आहे: 'चला, बेहयाईचे अड्डे बंद झाले.'

अड्डे बंद झाले नाहीत, वाचकहो, ते खिशात आले. आज घरातला प्रत्येक पोरगा आपली टॉकीज घेऊन फिरतो आणि तिला डोअरकीपर नाही. जुन्या टॉकीजमध्ये शेजारच्या खुर्चीवर गल्लीतले चाचा बसलेले असत, त्यांची नजर पडद्याइतकीच आपल्यावरही असे. ज्यांना नैतिकतेची काळजी आहे, त्यांनी या दोहोंतले कोणते बरे याचा विचार करावा.

मी उर्दू शाळेत शिकवते. आमच्याकडे मुलांची घरची बोली दखनी आणि वऱ्हाडीच्या मिसळीची. शीन-काफ दुरुस्त करता करता वर्ष सरते. ज्यांना शाळेचे तोंड दिसले नाही, त्या हमालांनी, विणकरांनी, शिंपीकाम करणाऱ्या बायांनी नितळ उर्दू कुठे ऐकली? १९६० चा 'मुगल-ए-आझम', १९६३ चा 'मेरे मेहबूब', १९७२ चा 'पाकीजा' टॉकीजमध्ये पुन्हा पुन्हा लागत, तिथे ऐकली. चित्रपटाचे नाव पडद्यावर इंग्रजी, हिंदी आणि उर्दू अशा तीन लिप्यांत येई. अलिफ-बे न येणारा माणूसही 'ही आपली' म्हणून ती ओळ ओळखत असे. आता ती ओळ बहुतेक चित्रपटांतून गेली आहे. आणि त्याच खुर्च्यांवर एका आठवड्याला 'जय संतोषी माँ', दुसऱ्याला दादा कोंडके. दादांच्या विनोदावर हसायला आमच्या नानाला मराठीचे व्याकरण शिकावे लागले नाही. आपण संमेलनांच्या मांडवात भाषांच्या मिलाफावर ठराव करतो. तो मिलाफ टॉकीजमध्ये तिकीट काढून रोज होत होता.

बायांचे तर विचारूच नका. माझी अम्मी, माझी खाला बुरखा घालून लेडीज क्लासमध्ये बसत. वेगळी खिडकी, वेगळा दरवाजा. बाजार आणि दवाखाना सोडला तर घराबाहेर तीन तास निवांत बसायची ती एकच जागा होती. मॉलमधल्या मल्टिप्लेक्सचे तिकीट, पॉपकॉर्न आणि येण्याजाण्याचा खर्च जोडला की आमच्या मोहल्ल्यातल्या घराचा आठवड्याचा किराणा होतो. म्हणून 'लोकांनीच टॉकीजकडे पाठ फिरवली' हे अर्धसत्य आहे. या शतकाच्या सुरुवातीला राज्याने नव्या मल्टिप्लेक्सना काही वर्षे करमणूक करातून सूट दिली. जुन्या टॉकीजा पूर्ण कर भरत राहिल्या. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरही १८ टक्के कर होता. २०१९ मध्ये तो १२ टक्के झाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ५ टक्के. मेल्यावर तोंडात पाणी घालावे, तशी ही सवलत.

वऱ्हाड म्हणजे सिनेमाच्या धंद्यातला एखादा कोपरा नव्हता. 'मध्य प्रांत व वऱ्हाड' हे नाव १९५० साली कागदावरून गेले, १९५६ साली वऱ्हाड मुंबई राज्यात आला. पण चित्रपट वितरणाच्या हिशेबात 'सीपी बेरार' हा इलाखा आजही आहे. सरकारने पुसलेले बेरार धंद्याच्या वहीत टिकले! त्या वह्या, रोजच्या गल्ल्याचे तक्ते, रिळांच्या पेट्यांच्या पावत्या मात्र रद्दीच्या भावाने जात आहेत.

वारसा फक्त मुंबईलाच असतो काय? तिथले रीगल १९३३ चे, इरॉस १९३८ चे. २०१८ साली युनेस्कोने त्या परिसरातल्या आर्ट डेको इमारतींना जागतिक वारसा म्हटले. इरॉस बंद पडले, आतून बदलले, २०२४ मध्ये एका आयमॅक्स पडद्यासह पुन्हा उघडले. पूर्वीच्या हजारावर खुर्च्यांच्या जागी तीनशेच्या आसपास खुर्च्या. दर्शनी इमारत तरी वाचली. आमच्या टॉकीजांना संगमरवर नव्हता, पण २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत वारसा इमारतींची तरतूद मुंबईबाहेरच्या शहरांसाठीही आहे. अमरावती आणि अकोला महापालिकांनी प्रत्येकी एक तरी टॉकीज यादीत घालावी आणि ती चालू ठेवावी, एवढे मागायला कोणाची परवानगी लागते? नुसता दर्शनी भाग ठेवून मागे गाळे काढायचे असतील, तर त्यापेक्षा पाडलेली बरी.

मुस्लिम वस्तीतल्या टॉकीजची बातमी कधी होते तेही पाहा. नोव्हेंबर २०२३ मध्ये मालेगावच्या मोहन टॉकीजमध्ये 'टायगर ३' सुरू असताना काही मूर्खांनी फटाके फोडले, तेव्हा देशभर चित्रफीत फिरली. त्याच मालेगावच्या पोरांनी तुटपुंज्या पैशांत स्वतःचे सिनेमे काढले, त्यावर २००८ साली 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट झाला. तो आपल्यापैकी किती जणांनी पाहिला?

आता आपल्या लेखकांशी दोन शब्द. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्याला पस्तीस वर्षे होऊन गेली. कथा-कवितांत तलाक आला, दंगल आली, गरिबी आली. ऑपरेटर कुठे आहे? दर वीस मिनिटांनी रीळ बदलणारा, कार्बनच्या कांडीची ज्योत सांभाळणारा, डिजिटल प्रोजेक्टर आल्यावर एका दिवसात बेकार झालेला? पोस्टर रंगवणारा पेंटर कुठे आहे? पंढरपूरला जन्मलेले हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंगे रंगवीत वर आले, हे आपण अभिमानाने सांगतो. आपल्याच गल्लीतल्या पेंटरच्या सहीचा फोटोसुद्धा आपल्याकडे नाही. 'आलमआरा' १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. आज त्याची प्रत नाही आणि मॅजेस्टिकही नाही. पहिल्या बोलपटाची ही गत, तर आपल्याकडच्या कागदांचे कोण पाहणार? आपणच.

माझ्या नववीच्या मुलींनी या दिवाळीच्या सुट्टीत जमवायला सुरुवात केली आहे. आतापर्यंत मिळाले ते असे: बाल्कनीची दोन फाटकी तिकिटे, एक फ्री पास, कार्बनची अर्धी जळालेली कांडी आणि एका म्हाताऱ्या डोअरकीपरचे चाळीस मिनिटांचे बोलणे. ते उर्दूत लिहून काढले आहे, मराठीत उतरवायचे काम सुरू आहे. ज्यांच्या घरी असे काही पडले असेल, त्यांनी रद्दीवाला येण्याआधी ते आपल्या गावच्या शाळेत नेऊन द्यावे.