शेवटच्या पानावरचा जुळा भाऊ



मागच्या शनिवारी शेवटच्या तासाला मी चौथीच्या वर्गात एक रहस्यकथा वाचून दाखवली. कुणाची? अहो, माझीच! दोन रात्री जागून लिहिली होती. एका वाड्यातले आजोबा दिवसभर येईल-जाईल त्याला "किती वाजले रे?" विचारतात. रात्री माडीवर पावलं वाजतात. सकाळी आजोबांचं खिशातलं जुनं घड्याळ गायब! आळ येतो बिचाऱ्या गड्यावर. वर्ग कसा चिडीचूप होता. शेवटच्या पानावर मी चोर हजर केला : काकांचा जुळा भाऊ!

आता टाळ्या पडणार, म्हणून मी थांबले. तर मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "बाई, ही चीटिंग आहे. हा भाऊ इतका वेळ कुठं होता?"

खरं सांगू? मला राग आला. "खाली बस," म्हटलं मी तिला. पण घरी गेल्यावरही तिचा प्रश्न डोक्यातून जाईना.

कारण तिचं बरोबर होतं. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम सांगितले. त्यांतला एक चक्क जुळ्या भावांबद्दल आहे! वाचकाला आधी चाहूल दिल्याशिवाय त्यांना आणायचं नाही. दुसरा नियम असा, की गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकापासून लपवायचा नाही.

शेरलॉक होम्सची 'सिल्व्हर ब्लेझ' (१८९२) ही गोष्ट बघा. रात्री तबेल्यातून शर्यतीचा घोडा नाहीसा होतो. तिथं कुत्रा आहे आणि माळ्यावर झोपलेल्या पोरांना काहीच ऐकू आलेलं नाही, हे दोन्ही आपण आधी वाचलेलं असतं. होम्स फक्त त्यांची सांगड घालतो. कुत्रा भुंकला नाही, म्हणजे येणारा ओळखीचा! आपण कपाळावर हात मारतो, "अरे, हे तर समोरच होतं!" खरी मजा ती.

मनातल्या भीतीच्या कादंबरीत तर चोरापेक्षा मन महत्त्वाचं. दाफ्ने द्यु मॉरिए यांच्या 'रिबेका'मध्ये (१९३८) रिबेका गोष्ट सुरू होण्याआधीच वारलेली असते. पण त्या घरात नव्याने आलेल्या बायकोला सारखं वाटतं, 'मी तिच्यासारखी नाही.' नव्या वर्गात 'आधीची मॉनिटर किती हुशार होती' हे ऐकून तुम्हांलाही असंच वाटतं ना? म्हणून ती भीती आपल्याला पटते. माझ्या जुळ्या भावाला मात्र मनच नव्हतं. त्याने चोरी का केली, ते मलाही ठाऊक नव्हतं!

सोमवारी मी वर्गासमोर त्या मुलीची माफी मागितली आणि वही तिच्या हातात दिली. तिने जुळ्या भावावर काट मारली. म्हणाली, "बाई, घड्याळ आजोबांनीच लपवलं. त्यांच्या हातून ते पडून बंद पडलं. सांगायची लाज वाटली, म्हणून रात्री उठून लपवलं. नाहीतर ते दिवसभर वेळ कशाला विचारत होते?"

धागा माझ्याच पहिल्या पानावर होता आणि मलाच दिसला नव्हता!

आता तुमचं काम. ज्या गोष्टीचा शेवट तुम्हांला फसवा वाटला, ती पुन्हा पहिल्यापासून वाचा. धागे सापडले तर लेखक जिंकला. नाही सापडले, तर शेवट तुम्ही लिहा. आणि आईबाबांनो, मुलं वाचत असताना चोर कोण ते सांगून टाकू नका हं!

तुमच्या बाई