व्हिडिओ हलतो, पण चूक नेहमी हाताची नसते



तळोद्याकडच्या आपल्या शाळांत पाठाचे व्हिडिओ बनवणं आता नवीन राहिलेलं नाही. लॉकडाऊनमध्ये गरजेपोटी सुरू झालं, मग सवय झाली. मोबाईल बऱ्याचदा मुलांच्याच हातात असतो. आणि व्हिडिओ हलला की आपण काय म्हणतो? "हात स्थिर ठेव ना!"

मीही तेच म्हणालो. सातवीतल्या एका मुलीला, सगळ्या वर्गासमोर. ती हळूच म्हणाली, "सर, मोबाईल स्टँडवर होता." मी ऐकलंच नाही. पुढे कितीतरी दिवस तिने मोबाईलला हात लावला नाही.

नंतर मी स्वतः स्टँडवर मोबाईल लावून बघितलं. फळा तसाच पाण्यावर तरंगल्यासारखा! दोष निघाला स्टॅबिलायझेशनचा, म्हणजे चित्र स्थिर ठेवण्यासाठीच असलेल्या सोयीचा.

ही सोय दोन प्रकारची असते. ऑप्टिकल प्रकारात जायरोस्कोप हेलकावा ओळखतो आणि लेन्स किंवा सेन्सर उलट दिशेला सरकतो. इलेक्ट्रॉनिक प्रकारात चित्राच्या कडा कापून उरलेली चौकट सरकवली जाते. मोबाईल हातात असताना दोन्ही उपयोगी. पण स्टँडवर ठेवल्यावर काही मोबाईल नसलेला हेलकावा दुरुस्त करायला जातात. फळ्यावरून कॅमेरा मुद्दाम फिरवला, तरी त्याला तो हाताचा धक्का वाटतो; मग चित्र आधी अडतं आणि नंतर झटक्याने पुढे सरकतं.

म्हणून रागवण्याआधी एवढं करून बघा:

१. मोबाईल स्टँडवर ठेवून दहा-दहा सेकंदांचे दोन व्हिडिओ घ्या, एक स्टॅबिलायझेशन चालू ठेवून, एक बंद करून. बाकी काही बदलू नका. बंद केल्यावर हलणं थांबलं, तर कारण सापडलं.

२. दोन्हींत हलतंय? मग टेबल, पंखा, वारा तपासा. काही मोबाईलमध्ये ऑप्टिकल सोय बंद करताच येत नाही, हेही लक्षात ठेवा.

३. चालत शूटिंग करताना मात्र ती चालूच ठेवा. उजेड भरपूर हवा. अंधुक खोलीत आलेला धूसरपणा स्टॅबिलायझेशनने जात नाही.

४. मोबाईलने एकदा स्थिर केलेला व्हिडिओ एडिटिंग ॲपमध्ये पुन्हा स्थिर करू नका. चित्र जेलीसारखं लिबलिबतं.

आपल्याकडच्या मोटारसायकलवाल्या गुरुजींसाठी आणखी एक गोष्ट. सातपुड्यातल्या पाड्यांवर जाताना बरेच जण मोबाईल हँडललाच लावतात. मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलची कंपनं हँडलमधून थेट मोबाईलला पोचली तर कॅमेऱ्याची स्थिरीकरण यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा खुद्द ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये आयफोनबाबत दिला होता. मोबाईल टेबलावर ठेवूनही पडद्यावरचं चित्र थरथरत असेल, आतून खरखर येत असेल, तर सेटिंग बदलून भागणार नाही. दुरुस्तीलाच न्यावा लागेल. खिसा किंवा पिशवी बरी.

माझं मत एवढंच आहे: मुलांच्या हातात आपण यंत्र देतो, तर ते कसं चुकतं हेही शिकवलं पाहिजे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं ते लिहून ठेवायचं, हा विज्ञानाचा पाठच आहे. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. आणि मूल "मी हललो नाही" म्हणत असेल, तर तीसुद्धा एक नोंद आहे. ती आधी तपासायची, मग बोलायचं.

मी त्या मुलीची माफी त्याच वर्गासमोर मागितली. रागावलो सगळ्यांसमोर, तर माफी कोपऱ्यात नेऊन कशाला? मग मोबाईल तिच्याकडे दिला. तिने दोन्ही व्हिडिओ घेतले, वर्गाला शेजारी शेजारी दाखवले आणि म्हणाली, "बंद केल्यावर फळ्याची कडा पण जास्त दिसते, सर." खरंच होतं. चौकट कापली जात नव्हती ना! हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तुमच्या शाळेत, घरात हा प्रयोग करून बघा. मुलांना काय दिसलं, ते जरूर कळवा.