कोयनेच्या भेगांचे गणित आपण कधी मांडणार?

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. 103 मीटर उंचीचे धरण उभे राहिले, पण वरच्या भागात, जिथे भिंतीचा उतार बदलतो तिथे, भेगा पडल्या. धरणातल्या यंत्रांवर त्या हादऱ्याची नोंद झाली होती. ती नोंद आणि त्या भेगा यांवर जगभर आजही संशोधन चालू आहे. काँक्रीट कसे तडकते हे संगणकावर सांगणारी नवी पद्धत कोणी मांडली, की ती अनेकदा कोयनेवर तपासून पाहतात. एका नामांकित परदेशी सॉफ्टवेअरच्या पुस्तिकेत नमुना उदाहरण म्हणून साताऱ्याचे हेच धरण दिलेले आहे.

महाराष्ट्रातल्या धरणांवर दगडमाती वाहणारे हात कोणाचे होते, हे या वाचकांना सांगायला नको. आमचा प्रश्न पुढचा आहे. त्या भेगांचे गणित मांडणाऱ्यांत आपली पोरे किती?

या शास्त्राला कॉम्प्युटेशनल सॉलिड मेकॅनिक्स म्हणतात. आम्ही समाजशास्त्राचे विद्यार्थी, त्यामुळे हे आम्हाला आपल्याच इंजिनिअर मित्रांकडून समजून घ्यावे लागले. धरण, पूल, गाडीचा सांगाडा, रॉकेटचे कवच, हाडात बसवायचा खिळा, अशा कोणत्याही घन वस्तूवर भार आला की ती किती वाकेल, कुठे तुटेल, हे आधी गणिताने काढायचे. वस्तूचा आकार वेडावाकडा असतो, म्हणून तिचे हजारो लहान तुकडे कल्पायचे, प्रत्येक तुकड्याचे सोपे समीकरण मांडायचे आणि सगळी समीकरणे जोडून संगणकाकडून सोडवून घ्यायची. या पद्धतीला ‘फायनाईट एलिमेंट’ हे नाव रे क्लफ या अमेरिकन प्राध्यापकाने 1960 साली दिले. विमानाच्या पंखांसाठी वाढलेली ही पद्धत लगेच धरणांकडेही वळली.

आपल्या वस्त्यांत मेकॅनिकल आणि सिव्हिलचे पदवीधर कमी नाहीत. पण पदवी मिळाली की तो मुलगा थेट अभ्यासिकेत येतो आणि एमपीएससीची पुस्तके उघडतो. पाच-सहा वर्षे जातात. याचा दोष आम्ही त्याला देत नाही. दोष आमचाही आहे. शिबिरांत आम्ही तहसीलदार आणि फौजदार यांचे सत्कार करतो. संशोधकाचा सत्कार केल्याचे आम्हाला आठवत नाही.

बाबासाहेबांची दृष्टी मात्र अशी नव्हती. 1942 साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी स्पष्ट मांडले होते, की कला आणि कायद्याच्या शिक्षणापेक्षा विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण अस्पृश्य समाजाला अधिक उपयोगी पडेल. ते महागडे असते, म्हणून सरकारने त्यासाठी शिष्यवृत्त्या द्याव्यात आणि परदेशी पाठवण्यासाठी वेगळी रक्कम ठेवावी, अशी त्यांची मागणी होती. कायद्याचे एवढे मोठे पंडित हे सांगत होते!

काही मित्र म्हणतात, कंपन्यांच्या गाड्यांची गणिते करून समाजाचे काय भले होणार? आम्हाला हा युक्तिवाद पटत नाही. आपल्या वस्तीची इमारत धोकादायक आहे की नाही, पूल पडला तर चूक कोणाची, हे ज्याच्या अहवालावर ठरते त्याच्या हातात सत्ता असते. शिवाय उच्च शिक्षणसंस्थांत राखीव जागा भरताना ‘योग्य उमेदवार मिळाला नाही’ हा शेरा वर्षानुवर्षे मारला जातो. 2019 च्या अध्यापक आरक्षण कायद्यातून काही संस्था वगळल्या आहेत, पण आयआयटी त्याखाली येतात. त्या जागांवर हक्क सांगायला पीएच.डी. झालेली माणसे लागतात.

वाट अशी आहे. गेट परीक्षा फेब्रुवारीत असते, अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघतात. अनुसूचित जातींना शुल्क जवळपास निम्मे आणि पात्रतेचे गुण खुल्या गटाच्या दोन तृतीयांश. एम.टेक.ला महिना 12,400 रुपये, पीएच.डी.ला सुरुवातीस 37,000 रुपये विद्यावेतन मिळते. इस्रो, भाभा अणुसंशोधन केंद्र, डीआरडीओ यांना ही माणसे लागतात. इस्रोने तर ‘फीस्ट’ नावाचे स्वतःचे सॉफ्टवेअर बनवले आहे. खासगीत पुणे, बंगळुरू, चेन्नईच्या वाहन उद्योगात काम आहे, तिथे आरक्षण नाही. ‘शंभर टक्के नोकरी’ म्हणत फक्त बटणे दाबायला शिकवणाऱ्या महागड्या क्लासांपासून सावध राहा. मुळातले गणित, म्हणजे मॅट्रिक्स आणि डिफरन्शियल इक्वेशन, एनपीटीईएलवर फुकट शिकता येते. कॅल्क्युलिक्स आणि कोड-ॲस्टर ही सॉफ्टवेअरही फुकट आहेत, आणि लहान उदाहरणे साध्या लॅपटॉपवर चालतात.

परदेशासाठी केंद्राची राष्ट्रीय ओव्हरसीज शिष्यवृत्ती आहे. वय 35 च्या आत, गुण किमान 60 टक्के, कुटुंबाचे उत्पन्न 8 लाखांपर्यंत. 2022 साली सरकारने तिच्यातून भारताचा समाज, इतिहास आणि संस्कृती हे विषयच काढून टाकले. जातीवर परदेशात संशोधन करू नका, असाच त्याचा अर्थ. आम्ही त्याचा निषेध केला आहे आणि करत राहू. पण इंजिनिअरिंगचे दार उघडे आहे, ते रिकामे का सोडायचे? 2025 मध्ये निवडलेल्या 106 जणांपैकी आधी फक्त 40 जणांना पत्रे मिळाली, बाकीच्यांना निधी असेल तर, असे कळवले गेले. बार्टीच्या फेलोशिपसाठी आपली मुले आझाद मैदानात बसली होती, हेही ताजेच आहे. तेव्हा अर्ज भरतानाच पाठपुराव्याची तयारी ठेवा.

आणखी एक. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, पण अनेकांकडे दाखला फक्त राज्याच्या नमुन्यातला असतो आणि गेटचा अर्ज भरताना अडचण होते. केंद्राच्या नमुन्यातला दाखला आत्ताच काढून घ्या. सेतू केंद्रात कोणी टोलवाटोलवी केली तर आम्हाला कळवा, आम्ही सोबत येऊ.