किलकिले डोळे

दार आणि डोळे यांचे मराठीत जुने सख्य आहे. दोन्ही मिटतात, दोन्ही उघडतात आणि दोन्ही ‘किलकिले’ होतात. दाराला बारीक फट ठेवून कोण आले ते पाहणारी गृहिणी आणि उन्हातून येणाऱ्याची ओळख पटावी म्हणून पापण्या जवळ आणणारे आजोबा, या दोघांसाठी आपल्या भाषेने एकच विशेषण योजिले आहे. ते चपखलही आहे. पापण्यांमधील फट अरुंद झाली की विखुरलेले किरण बाहेरच अडतात आणि अंधुक दिसणारे थोडे रेखीव होते.

इंग्रजीतील ‘स्क्विंट’ हा शब्द मात्र किलकिल्या डोळ्यांनाही चालतो आणि तिरळेपणालाही. मराठीने ही गल्लत केलेली नाही. डोळे किलकिले माणूस स्वतः करतो. तिरळा डोळा त्याला न विचारता वळतो. ‘चकणा’ याचा अर्थही तिरळाच, पण तो बहुधा चिडविण्यासाठीच वापरला जातो. घरात तरी तो नसावा.

वाचकहो, हा भेद केवळ कोशकारांच्या उपयोगाचा नाही. फळ्याकडे पाहताना मुलगी वारंवार डोळे किलकिले करीत असेल, तर बहुधा तिला चष्मा हवा आहे. ती खोड समजून रागावण्यात अर्थ नाही. तिरळेपणाची गोष्ट निराळी. दोन डोळ्यांची चित्रे जुळेनाशी झाली की मुलाचा मेंदू त्यांतले एक वगळू लागतो आणि वरून निरोगी दिसणाऱ्या त्या डोळ्याची दृष्टी मंदावते. अशा वेळी चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावून मंद डोळ्याला कामास लावतात. वयाच्या सातव्या-आठव्या वर्षापर्यंत हा उपाय उत्तम लागू पडतो, पुढे यश कमी होत जाते. ‘मोठेपणी आपोआप जाईल’, ‘तिरळे मूल भाग्याचे’ असे म्हणत थांबणाऱ्यांसाठीही मराठीत एक शब्द आहेच: काणाडोळा!

तान्ह्या बाळाचा डोळा पहिले काही महिने मधूनच वळतो, ते स्वाभाविक असते. सहा महिन्यांनंतरही तो वळत असेल, तर बाळाला नेत्रवैद्यांना दाखवावे. आणखी एक खूण आयांनी लक्षात ठेवावी. खेळता खेळता मुलाचा एक डोळा तळहाताने झाकला तर ते निमूट खेळत राहते, पण दुसरा झाकताच हात झटकून रडू लागते. असे झाल्यास उघडा राहिलेला डोळा त्याला नीट दाखवीत नसण्याचा संभव असतो.