अनारसा हसला!

‘‘ते मासकॉम की काय शिकलीयस ना तू? मग मला ते उभे व्हिडिओ करून दे.’’

मावशीचा फोन. मागच्या दिवाळीला जेमतेम तीन आठवडे उरले होते. मावशी ठाण्यात घरूनच फराळ विकते. चकली, चिवडा, कडबोळी आणि तिची खासियत म्हणजे अनारसे. तिच्याच रोडवर दोन नव्या फराळवाल्या आल्या, दोघींचं इन्स्टावर पेज, आणि मावशीच्या ऑर्डरी आल्या निम्म्यावर. तिच्या हाताखाली दोन ताया काम करतात. एकीला ‘यंदा नको येऊस’ असं सांगायची वेळ आली होती. थोडक्यात काय, मामला सिरियस होता.

आता खरं सांगू का मंडळी? मासकॉमला आम्हाला जो व्हिडिओ शिकवला तो आडवा! मोबाइल उभा धरून शूट करणाऱ्याला आमचे सर वर्गाबाहेर काढायचे. जून २०२०मध्ये आपल्याकडे टिकटॉकवर बंदी आली, पुढच्याच महिन्यात इन्स्टानं रील्स आणली आणि सगळ्या जगानं फोन उभा केला. तेव्हा मर्यादा होती पंधरा सेकंदांची, पुढे ती वाढत तीन मिनिटांपर्यंत गेली. माझ्यासारख्या फ्रीलान्सरला तर हल्ली प्रत्येक लेखाबरोबर ‘एक छोटंसं रील पण दे हं’ असं ऐकायला मिळतं. पैसे अर्थातच लेखाचेच! (छोट्या व्हिडिओंना नाकं मुरडणाऱ्यांसाठी एक माहिती. ७ जुलै १८९६ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचे सिनेमे पहिल्यांदा दाखवले गेले, तेही एकेक जेमतेम मिनिटभराचेच होते. तिकीट होतं एक रुपया. फक्त आवडला नाही तर अंगठ्यानं वर सरकवायची सोय नव्हती.)

तर मी ऐटीत ट्रायपॉड घेऊन ठाण्याला गेले. पहिलं रील अठ्ठावन्न सेकंदांचं. मावशी नवीन साडी नेसून, हात जोडून, ‘नमस्कार, आमच्याकडे घरगुती पद्धतीने...’ दोनशे बारा व्ह्यूज. त्यातले निम्मे नातेवाईक. इन्स्टा आपल्याला एक ग्राफ दाखवतं, लोक कुठल्या सेकंदाला सोडून गेले त्याचा. आमचा ग्राफ तिसऱ्या सेकंदाला थेट कडेलोट! म्हणजे ‘नमस्कार’ पूर्ण व्हायच्या आत पब्लिक गायब. बिच्चारी मावशी तासभर नटली होती.

मग मी अक्कल वापरली. पहिला फंडा : सुरुवातीपासून सुरुवात करायचीच नाही. कढईत चकली पडतानाचा चर्रर्र आवाज आधी, ओळखपाळख नंतर. दुसरं, उभ्या चौकटीला उभ्या गोष्टी शोभतात. चकल्यांचं आडवं पसरलेलं ताट त्यात केविलवाणं दिसतं, पण सोऱ्यातून तेलात उतरणारी शेव? अहाहा! चौकट जणू तिच्यासाठीच बनवलीय. खालच्या भागावर नाव आणि कॅप्शन बसतं, उजवी कड लाइक-शेअरची बटणं खातात, त्यामुळे महत्त्वाचं ते मधे आणि थोडं वर. स्वयंपाकघरात आणखी एक भानगड असते. कढई काळी, वाफ पांढरी, मग फोन गोंधळतो आणि चित्र मिनिटाला उजळतं-काळवंडतं. त्यावर उपाय सोपा. स्क्रीनवर बोट दाबून धरायचं, फोकस आणि उजेड लॉक होतो. मावशीच्या किचनमधल्या एलईडीखाली व्हिडिओत पट्टे सरकत होते. आपली वीज ५० हर्ट्‌झची, फोन तीस फ्रेम्सवर. सेटिंग पंचवीसवर नेलं, पट्टे गेले. आणि लेन्स पुसा हो! तुपाच्या बोटांनी हाताळलेल्या फोनवर कुठलाच फिल्टर चालत नाही.

गाण्याचं काय? मावशीचं अकाउंट बिझनेस अकाउंट, त्यामुळे त्यावर ट्रेंडिंग फिल्मी गाणी मिळेनात. मी आधी चिडले, मग लक्षात आलं की फोडणीच्या आवाजापुढे गाणं हवंय कुणाला! बोलणं मात्र अक्षरांत लिहायचंच, कारण तुम्ही सगळे लोकलमध्ये आणि बॉसच्या पाठीमागे आवाज बंद करूनच बघता. (बघता की नाही?)

या सगळ्यानं व्ह्यूज दोनशेवरून चार-पाच हजारांवर गेले. चार ऑर्डरी. मावशी म्हणाली, ‘‘चार ऑर्डरींत गॅसचे पैसे सुटत नाहीत गं.’’

आणि मग तो दिवस उजाडला. अनारशाचं काम म्हणजे तांदूळ तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, सुकवून दळा, गूळ घालून मळा, मुरू द्या. इतकं करून पीठ सैल राहिलं किंवा गूळ जास्त झाला तर अनारसा तुपात पडताच फुटून पसरतो. त्यालाच आपल्याकडे म्हणतात, अनारसा हसला. मी नेमकी वरून कढई शूट करत होते आणि अनारसा असा काही खदखदून हसला म्हणता! मागोमाग मावशीचा आवाज, ‘‘अगं, डोळे कुठायत तुझे? पाच वर्षं झाली, अजून गूळ कळत नाही?’’ मी दचकून फोन वर केला, तर समोर ताई. पदर तोंडाशी, डोळे खाली. एक सेकंद. फार तर दीड.

पत्रकाराला असा शॉट मिळाला की पोटात जे होतं ते मला झालं. घरी येऊन कापला. अठरा सेकंद. वर लिहिलं, ‘अनारसा हसला, मावशी नाही हसली.’ रात्री दहाला टाकला आणि झोपले.

सकाळी एक लाख. संध्याकाळी दोन. दुसऱ्या दिवशी तीन लाख! ‘मी सोमवारी ऑफिसमध्ये’ असं लिहून लोक एकमेकांना पाठवत होते. असं ‘सेंड’ होणं म्हणजे रीलला पंखच. बेचाळीस ऑर्डरी आल्या. मी तर तो व्हिडिओ माझ्या कामाच्या नमुन्यांत टाकूनही मोकळी झाले आणि एका क्लायंटचा फोनसुद्धा आला. सॉल्लिड वाटत होतं.

ताई मात्र कामावर आली नाही. तिच्या मुलीच्या कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी ते रील टाकलं होतं. ‘ही तुझी आई ना?’ आणि खाली हसणारे चेहरे. मी तोवर कमेंट्स नुसत्या मोजल्या होत्या, वाचल्या नव्हत्या. त्या दिवशी वाचल्या. ‘हिला आधी हाकला’ या कमेंटला आठशे लाइक्स.

मावशी म्हणाली, ‘‘काढ तो.’’

मी काय म्हणाले असेन? ‘‘मावशी, तीन लाख आहेत गं! दोन दिवस थांब, ऑर्डरी येतायत.’’ हे मी बोलले, नाकारत नाही. वर अक्कलही पाजळली की चेहरा ब्लर करता येईल, कमेंट्स बंद करता येतील. मावशी काही न बोलता पिठाचा डबा बंद करत राहिली. बेचाळीस ऑर्डरी वहीत लिहिलेल्या आणि अनारसे थापायला हात दोनच कमी.

संध्याकाळी आम्ही दोघी ताईच्या घरी गेलो. मी सॉरी म्हटलं. ताईनं चहा टाकला, कप पुढे ठेवला आणि म्हणाली, ‘‘मावशी ओरडल्या त्याचं काही नाही. त्या रोजच ओरडतात. पण तुम्ही ते ठेवलंत.’’

तिथंच बसून मी रील डिलीट केलं. तीन लाख चाळीस हजारांवर. पण पब्लिक अकाउंटचं रील इतरांना डाउनलोड करता येतं, ती सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी लागते. मी ती केलीच नव्हती. दोन कॉमेडी पेजेसनी ते आधीच उचललं होतं. रिपोर्ट केल्यावर एकानं काढलं. दुसऱ्या पेजवर ते आजही आहे. अधूनमधून जाऊन बघते मी.

ताई तिसऱ्या दिवशी आली. अट एकच, तिचं काही शूट केलं तर टाकायच्या आधी तिला दाखवायचं. आठवडाभर मी फोन पिशवीतून बाहेरच काढला नाही, पिशव्यांना लेबलं चिकटवत बसले. मग एक दिवस तीच म्हणाली, ‘‘अनारसा का हसतो ते सांगू का? लोकांना कळत नाही. गुळाला नावं ठेवतात, खरं तर पीठच सैल असतं कधीकधी. थोडं तांदळाचं पीठ लावलं की सावरतो.’’ तिचे हात, तिचा आवाज, चेहरा नाही. एकोणीस हजार व्ह्यूज आले. त्यातल्या बऱ्याच जणी आपापले फसलेले अनारसे घेऊन हजर! ऑर्डरी किती आल्या ते मावशीनं मला सांगितलं नाही. दोघी ताया मात्र लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्रीपर्यंत कामावर होत्या.

टाकण्याआधी मी ते ताईला दाखवलं होतं. तिनं फोन दोन्ही हातांत धरून तीनदा बघितलं. मग भुवया उंचावून म्हणाली,

‘‘सुरुवातीचं माझं बोलणं काढा की. आधी अनारसा दाखवा.’’