‘पूर्वी काय काम करीत होता?’

ॲस्बेस्टॉसचे पत्रे वा ब्रेक-लायनिंग बनविण्यात उमेद वेचलेल्या कामगाराला साठीनंतर धाप लागू लागते. घरची मंडळी ते वार्धक्य समजतात. कधी क्षयाचाच संशय घेतला जातो. वस्तुतः श्वासावाटे फुप्फुसात रुतलेले ॲस्बेस्टॉसचे तंतू २० ते ५० वर्षांनीही कर्करोगास कारणीभूत ठरतात.

वाढती धाप, न हटणारा खोकला, छातीत दुखणे, थुंकीतून रक्त, अकारण घटणारे वजन आणि फुप्फुसाच्या आवरणात पुनःपुन्हा साचणारे पाणी ही त्याची लक्षणे होत. मेसोथेलिओमा उदराच्या आवरणात झाल्यास पोट फुगते. धुळीने माखलेले कपडे घरी धुणारी गृहिणीही या धोक्यापासून मुक्त नसते.

ही लक्षणे इतर विकारांतही आढळतात. म्हणूनच रुग्णाचा पूर्वव्यवसाय हा निदानाचा महत्त्वाचा धागा ठरतो. पण डॉक्टरांपुढे ‘सेवानिवृत्त’ एवढेच सांगितले जाते आणि तो धागा तेथेच तुटतो.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये अशा कामगारांची आरोग्य-नोंद नोकरीच्या प्रारंभापासून ४० वर्षे अथवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर जपण्याचा आदेश दिला. मागणाराच नसेल तर ती नोंद कपाटातच राहणार. कुटुंबीयांनी ती मागावी. वस्तीतील आरोग्य शिबिरांत प्रत्येक वृद्धाला ‘पूर्वी काय काम करीत होता?’ हा प्रश्न आवर्जून विचारला जावा. ज्यांच्या श्रमावर घरांची छपरे उभी राहिली, त्यांच्याविषयीचे हे किमान कर्तव्य आहे.