अफवा, जमाव आणि मेंदूतला न्यायनिवाडा

१६ एप्रिल २०२० च्या रात्री डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे जमावाने दोन साधू आणि त्यांच्या वाहनचालकाची हत्या केली. टाळेबंदीत आडवाटेने मुंबईहून सुरतकडे अंत्यविधीसाठी निघालेल्या या तिघांचा गावाशी काही संबंध नव्हता. मुले पळवणारी, मूत्रपिंडे काढून नेणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा त्या दिवसांत परिसरात पसरली होती आणि गावोगावी रात्रीचे पहारे बसले होते. दोनच दिवस आधी सारणी परिसरात मदत घेऊन गेलेल्या डॉक्टरांवरही असाच हल्ला झाला होता. गडचिंचले प्रकरणात शंभराहून अधिक जणांना अटक झाली. घटनेला धार्मिक रंग देण्याचा प्रयत्नही झाला. एक प्रश्न मात्र मागे राहिला. एरवी शेतीभाती, मोलमजुरी करणारी माणसे अशी कशी वागतात?

त्यांची नीतिबुद्धी नष्ट झाली होती, हे उत्तर सोपे आहे, पण पुरेसे नाही. कोणतीही कृती योग्य की अयोग्य हे ठरवताना मेंदू दोन गोष्टी तपासतो : परिणाम काय झाला आणि हेतू काय होता. हेतू ओळखण्याच्या कामात उजव्या कानाच्या वर, थोडा मागे असलेल्या भागाचा मोठा वाटा असतो. अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी २०१० मध्ये चुंबकीय लहरींनी या भागाचे काम तात्पुरते विस्कळीत केले. तेव्हा, समोरच्याला विष समजून साखर देणाऱ्याला लोक कमी दोषी मानू लागले. काही अपाय झाला नाही ना, मग ठीक, असा त्यांचा कल दिसला.

अफवा नेमकी इथे घाव घालते. अनोळखी माणसाचा हेतू ओळखायला वेळ लागतो, चार प्रश्न विचारावे लागतात. अफवा मात्र तो हेतू आधीच भरून देते. मग मूल वाचवणे हेच कर्तव्य वाटते आणि समोरचा माणूस राक्षस. निवाडा करणारी यंत्रणा बंद पडत नाही, ती खोट्या माहितीवर जोरात चालते.

त्यात दोन गोष्टींची भर पडते. पुन्हा पुन्हा ऐकलेले विधान खरे वाटू लागते, हे १९७७ पासूनच्या प्रयोगांतून दिसले आहे. दुसरी गोष्ट गर्दीची. २०१४ च्या एका अभ्यासात, गटातून स्पर्धा करताना काहींच्या मेंदूतील स्वतःविषयी विचार करणारा भाग कमी सक्रिय झाला. हीच माणसे पुढे प्रतिस्पर्ध्यांना त्रास देण्यास अधिक तयार दिसली.

हा दोष एखाद्या समाजाचा किंवा शिक्षणाच्या अभावाचा नाही. मेंदूची ही घडण शहरातल्या सुशिक्षितांचीही आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मजकूर न तपासता पुढे ढकलताना तेही हेच करतात. अर्थात, मेंदूचे स्पष्टीकरण म्हणजे गुन्ह्याला माफी नव्हे. त्याच रात्री गावच्या महिला सरपंचांनी जमावाला आवरण्याचा प्रयत्न केल्याचे सांगितले होते. म्हणजे वेगळे वागणे शक्य होते.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात पाच भिक्षेकऱ्यांचा अशाच अफवेने बळी घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा आणली. तरीही दोन वर्षांच्या आत गडचिंचले घडले. केवळ तांत्रिक अटकाव पुरत नाही.

अफवेपेक्षा आधी विश्वासाचा माणूस पोहोचावा लागतो. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर आशा सेविका, अंगणवाडी ताई, पोलीस पाटील यांचे चेहरे ओळखीचे आहेत. लसीकरणाबद्दलचे गैरसमज दूर करायला त्यांचीच मदत होते. मुले पळवल्याची कुजबुज सुरू होताच, खरेच कुणाचे मूल हरवले आहे का, हे त्यांनी वारली बोलीत, घरी जाऊन सांगितले पाहिजे. अनोळखी माणूस दिसला तर ११२ वर फोन करायचा आणि हात उचलायचा नाही, हेही आधीच ठरलेले हवे. गर्दी जमल्यावर विचार करायला कुणाला सवड नसते.